‘झालं’ म्हणजे नेमकं काय झालं?

मल्टीमीटरचा नॉब फिरवून बझरच्या खुणेवर आणायचा आणि दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवायचे. ‘पीप’ वाजलं की मीटर शाबूत. मग एक प्रोब वायरच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला. पुन्हा पीप. घरच्या घरी इलेक्ट्रॉनिक्सचा उद्योग करणाऱ्या माणसाला याच्याइतका धीर देणारा आवाज दुसरा नाही. रात्री साडेअकराला, टेबलावर वायरींचं जंजाळ पडलेलं असताना, तो पीप म्हणजे कुणीतरी पाठीवर हात ठेवल्यासारखा वाटतो.

पण तो सांगतो काय? इतकंच, की या दोन ठिकाणांमधून, या क्षणी, मीटरने सोडलेला अगदी बारीकसा प्रवाह फारशी अडवणूक न होता गेला. फारशी म्हणजे किती? बरेच स्वस्त मीटर तीस-पन्नास ओमच्या खाली काहीही असलं तरी पीप करतात. त्यामुळे आठ ओमच्या स्पीकरच्या दोन टोकांना प्रोब लावले तरी पीप येतो. नवशिक्याला वाटतं स्पीकर शॉर्ट झाला. झालेला काहीच नसतो, ती फक्त स्पीकरची कॉइल असते. मीटर खोटं बोलत नाही. त्याला विचारलेल्या प्रश्नाचं तो उत्तर देतो, आणि आपण ते भलत्याच प्रश्नाचं उत्तर म्हणून ऐकतो.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि उरलेल्या वेळात आवाज करणारे डबे बनवतो. दोन्हीकडे दिवस संपताना कुणीतरी तोच प्रश्न विचारतं, ‘झालं का?’ ऑफिसात ते तिकिटाच्या स्टेटसमधून विचारलं जातं, घरी तोंडाने. उत्तर मात्र एकाच शब्दाचं हवं असतं. हा लेख त्या एका शब्दाबद्दल आहे.

मराठीत ‘झालं’ फार सोयीचं आहे. दुरुस्तीच्या बाबतीत मात्र त्यात दोन वेगळी वाक्यं दडलेली असतात: ‘चालू झालं’ आणि ‘दुरुस्त झालं’. पहिलं कुणालाही दिसतं, बटण दाबा आणि बघा. दुसरं वस्तूच्या पोटात काय आहे याबद्दल बोलतं, शिवाय उद्याबद्दलही बोलतं. सांगणारा बहुतेक वेळा पहिलं सांगतो आणि ऐकणारा दुसरं ऐकतो. या दोघांमधल्या फटीत बरंच काही घडतं. माझा प्रश्न असा: बंद पडलेली वस्तू पुन्हा चालू लागली, पण का बंद पडली होती ते कळलं नाही, तर ‘झालं’ म्हणायचा अधिकार मला केव्हा मिळतो?

प्रश्न हवेत राहू नये म्हणून डब्याचं सांगतो.

पुण्यात तपकीर गल्लीत मिळणाऱ्या सुट्या भागांतून बनलेला हा सिंथेसायझर आहे. पोटात ४०१०६ नावाचा आयसी, एलएम ३८६ चा छोटा अँप्लिफायर, एक स्पीकर, नऊ व्होल्टची बॅटरी आणि सगळं झिरो पीसीबीवर सोल्डर केलेलं. ४०१०६ मध्ये सहा श्मिट ट्रिगर असतात. ऑटो श्मिट या अमेरिकन संशोधकाने ही कल्पना १९३४ साली काढली, तेव्हा तो विद्यार्थी होता. ती समजायला सोसायटीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. ऑटोमॅटिक पंप असेल तर पाणी खालच्या खुणेपर्यंत उतरलं की पंप चालू होतो आणि वरच्या खुणेला पोचलं की बंद होतो. दोन खुणा वेगळ्या आहेत म्हणून टाकी भरत-उतरत राहते. आता टाकीच्या जागी कपॅसिटर आणि पाइपच्या जागी रेझिस्टर घाला. कपॅसिटर भरतो, आयसी पलटतो, कपॅसिटर रिकामा होतो, आयसी पुन्हा पलटतो. हे सेकंदाला शंभर वेळा झालं की आपल्याला खर्जातला एक जाडसर सूर ऐकू येतो. एक मेगाओमचा रेझिस्टर आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला की ढोबळमानाने तेवढंच होतं. असे तीन सूर एकत्र सोडले आणि त्यातले दोन एकमेकांपासून केसभर हलवले की तंबोऱ्याच्या जोडीच्या तारांसारखी एक संथ लाट येते. तासन् तास ऐकावी अशी. शेजाऱ्यांचं मत वेगळं आहे.

माझी एक मैत्रीण नाटक करते. नव्वद खुर्च्यांच्या हॉलमधलं, तिकीट काढून येणाऱ्यांत निम्मे ओळखीचे असतात, तसलं. तिच्या नव्या दीर्घांकात सात मिनिटांचं एक स्वगत आहे आणि त्याखाली हा खर्ज चालू राहतो. एका विशिष्ट वाक्याला तो थांबतो. प्रेक्षकांना काहीही न सांगता कळतं की आतल्या खोलीतलं माणूस गेलं. म्हणजे या नाटकात आवाजाइतकाच आवाजाचं थांबणं हाही संवाद आहे. तो चुकीच्या जागी आला तर माणूस तीन मिनिटं आधी मरणार.

रविवारी प्रयोग होता. बुधवारी तालमीत तीनपैकी एक सूर गेला. दोन मिनिटांनी आपोआप आला. अर्ध्या तासाने पुन्हा गेला.

असा अधूनमधून येणारा दोष हा सगळ्यात छळणारा प्रकार. कायमचं बंद पडलेलं यंत्र एका अर्थाने प्रामाणिक असतं. त्याच्यासमोर बसून एकेक भाग तपासता येतो. अधूनमधून बंद पडणारं यंत्र तुम्ही बघायला बसलात की नीट वागतं, पाहुण्यांसमोरच्या मुलासारखं. सॉफ्टवेअरवाल्यांनी तर अशा दोषाचं नावच ‘हायझेनबग’ ठेवलंय, शोधायला गेलं की लपणारा. जिम ग्रेच्या १९८५ च्या लेखात हा शब्द येतो.

गुरुवारी रात्री मी डबा उघडून त्याच्यासमोर बसलो. सूर गेला तेव्हा त्या कपॅसिटरच्या पायापाशी बोट लावलं आणि एक बारीक, कानात घुसणारी शिट्टी आली. बोट काढलं, शिट्टी गायब.

ही शिट्टी म्हणजे साक्षच होती. विचार करा: कपॅसिटरचा जॉइंट तुटला तर आयसी थांबत नाही. पाइप आहे, पंप आहे, फक्त टाकीच्या जागी एक वाटी उरली. वायरींमध्ये आणि बोर्डमध्ये आपोआप असणारी थोडीशी कपॅसिटी, दहाएक पिकोफॅरड, तेवढीच. वाटी भरायला वेळ कितीसा लागणार? सर्किट शंभर हर्ट्झऐवजी लाखभर हर्ट्झने धावायला लागतं. माणसाला वीस हजारांच्या वर ऐकू येत नाही. बोट लावलं की अंगाची थोडी कपॅसिटी त्यात मिळते, वेग उतरतो आणि सूर कानाच्या टप्प्यात येऊन शिट्टी होतो. म्हणजे मी ज्याला शांतता समजत होतो ती शांतता नव्हतीच. सर्किट अंगात आल्यासारखं ओरडत होतं, आपल्या ऐकण्याच्या पलीकडे.

इथे मला आपल्याकडच्या जुन्या दर्शनांतला एक वाद आठवतो. जमिनीवर घडा नाही, हे मला कसं कळतं? घडा दिसत नाही म्हणून. कुमारिल भट्टाच्या परंपरेतले मीमांसक म्हणाले, हे ‘न दिसणं’ म्हणजे ज्ञान मिळवण्याचं एक स्वतंत्र साधनच आहे. त्याला त्यांनी अनुपलब्धी म्हटलं. नैयायिकांना ते स्वतंत्र साधन म्हणून मान्य नव्हतं, त्यावर पिढ्यान्‌पिढ्या खल झाला. मला त्यातली अट महत्त्वाची वाटते. नुसतं न दिसणं पुरत नाही. ‘असता तर दिसला असता’ असं म्हणता यायला हवं. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असं म्हणता येत नाही. उजेड हवा, डोळे धड हवेत, घडा दिसण्याजोगा हवा. तेव्हाच ते न दिसणं ‘योग्य’ ठरतं.

चाचणीने दोष आहे हे दाखवता येतं, दोष नाही हे कधीच दाखवता येत नाही, असं डायक्स्ट्रा म्हणायचा आणि आमच्या क्षेत्रात ते सगळ्यांना पाठ असतं. खरं आहे, पण त्यावर थांबलं की हात वर करायला बरं पडतं. मीमांसकांची अट जास्त उपयोगाची आहे. ती विचारते, तुझ्या खोलीत उजेड किती होता?

थोडं विषयांतर. भारतात सुरुवातीच्या काळात इलेक्ट्रॉनिक संगीत असं काही नव्हतंच, अशी समजूत बराच काळ चालून गेली. प्रत्यक्षात १९६९ साली अहमदाबादच्या एनआयडीत मूग सिंथेसायझर आला होता, डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने तो लावून दिला होता आणि गीता साराभाईंसह काही मंडळी त्यावर काम करत होती. त्या टेप संस्थेच्या संग्रहातच पडून होत्या. पॉल पर्गस या ब्रिटिश कलाकाराने त्या धुंडाळल्यावर, २०२३ साली, त्या सगळ्यांना ऐकायला मिळाल्या. संगीत होतंच. कपाट कुणी उघडलं नव्हतं.

तर डब्याकडे. शिट्टीने दोषाचा मोहल्ला सांगितला, घर नंबर नाही. कपॅसिटरचे दोन पाय, आयसीच्या सॉकेटचा एक पाय आणि ग्राउंडला जाणारी वायर, असे चार जॉइंट संशयित. बॅटरी काढली, मीटर लावला. चारही ठिकाणी पीप.

आणि हे व्हायचंच होतं. ड्राय सोल्डर झालेल्या जॉइंटला पायाभोवती केसासारखी गोल चीर असते. हादऱ्यांनी, तापण्या-निवण्याने ती उघडते-मिटते. प्रोब टेकवायचा तर थोडा दाबावा लागतो आणि दाबला की चीर मिटते. तपासणी हीच तात्पुरती दुरुस्ती. टीव्हीवर थाप मारली की चित्र यायचं ते याच कारणाने. फरक इतकाच, की थाप मारणाऱ्या आजोबांना आपण तपासणी करतोय असा भ्रम नव्हता.

आता दोन रस्ते होते. एक, चारही जॉइंट गरम करून, थोडी पेस्ट लावून, नवं सोल्डर सोडून टाकायचं. दोन मिनिटांचं काम. दोष जाईल, पण तो कुठे होता ही माहितीही त्याच्याबरोबर वितळून जाईल. दुसरा रस्ता, एकेक जॉइंट करायचा आणि वाट बघायची. किती वाट? साधारण पंचवीस मिनिटांनी एकदा येणारा दोष निव्वळ योगायोगाने सव्वा तास आलाच नाही, याची शक्यता पाच टक्क्यांच्या आसपास. तीही तो कुठलंच वेळापत्रक पाळत नसेल असं धरून. म्हणजे जॉइंटमागे सव्वा तास, एकूण पाच तास. शिवाय एक जॉइंट तापवताना बोर्ड हलतो, शेजारचा जॉइंटही थोडा तापतो, त्यामुळे प्रयोग स्वच्छ राहत नाही. पक्कं कळायचं असेल तर आणखी एक पायरी लागते: दुरुस्त केलेला जॉइंट मुद्दाम पुन्हा उकलायचा आणि दोष परत येतो का बघायचं. हे असलं की ते असतं, हे नसलं की ते नसतं. दर्शनांच्या भाषेत अन्वय-व्यतिरेक. चालू झालेली वस्तू पुन्हा बिघडवायचं धाडस फार कमी लोक करतात. प्रयोगाच्या दोन दिवस आधी तर कुणीच नाही.

लहानपणी आमच्या गल्लीत रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे एक काका होते. ते बेधडक पहिला रस्ता घ्यायचे. संशय आला त्या भागातले सगळे जॉइंट मारून टाकायचे. पण सेट लगेच परत द्यायचे नाहीत. दोन दिवस दुकानात चालू ठेवायचे, येता-जाता त्याला धक्का द्यायचे, दुपारी पत्रा तापला की मुद्दाम त्याच्याखाली ठेवायचे. गिऱ्हाइकाने विचारलं, ‘झालं का?’ की उत्तर ठरलेलं, ‘सध्या चालतोय. परवा या.’ तेव्हा मला वाटायचं काका टाळतायत. आता वाटतं, ‘सध्या’ हा त्या दुकानातला सगळ्यात काटेकोर शब्द होता.

मीही चारही जॉइंट मारले. दोष नेमका कुठे होता हे कळणं मला आवडलं असतं, पण ते माझं कुतूहल होतं. मैत्रिणीला त्या ज्ञानाची गरज नव्हती, तिला सात मिनिटांचा खर्ज हवा होता. प्रत्येक वेळी मुळापर्यंत जाणं हे कर्तव्य असतं, असं इंजिनिअरांना वाटतं त्यात थोडा अहंकारही असतो. मात्र मुळापर्यंत न जाण्याची एक किंमत आहे. मग आपल्याला मोठं वाक्य वापरता येत नाही.

विल्यम क्लिफर्ड या ब्रिटिश गणितज्ञाचा १८७७ चा एक निबंध आहे, श्रद्धेच्या नीतीबद्दलचा. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं आहे, पूर्वी बरेचदा डागडुजी झालेली. त्याला शंका येते. मग तो स्वतःची समजूत घालतो: इतक्या सफरी झाल्या, हीही होईल. हळूहळू त्याचा मनापासून विश्वास बसतो. माणसांनी भरलेलं जहाज सुटतं आणि बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, विश्वास प्रामाणिक होता म्हणून मालक सुटत नाही, कारण तो विश्वास त्याने तपासून कमावलेला नव्हता, शंका दाबून मिळवलेला होता. पुढचा मुद्दा जास्त टोचतो. जहाज सुखरूप पोचलं असतं तरी त्याचा दोष तसूभर कमी झाला नसता. फक्त उघडा पडला नसता.

हे सात मिनिटांच्या खर्जासाठी फार जड वाटत असेल तर याच जातीची खरी घटना सांगतो. थेराक-२५ हे कॅन्सरवर किरणोपचार करणारं कॅनेडियन बनावटीचं यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात त्याने सहा रुग्णांना प्रमाणापेक्षा प्रचंड जास्त मात्रा दिली, काहींचा त्यात जीव गेला. त्यातला एक अपघात जुलै १९८५ मध्ये कॅनडातल्या हॅमिल्टनला झाला. कंपनीच्या इंजिनिअरांना तो दोष पुन्हा घडवून दाखवता आला नाही. त्यांनी अंदाज बांधला की फिरत्या तबकडीची जागा कळवणारा मायक्रोस्विच क्षणभर चुकला असावा. त्यांनी तो भाग बदलला आणि सांगितलं की यंत्राची सुरक्षितता किमान एक लाख पटीने वाढली. ज्या दोषाला त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं, त्याच्याविरुद्ध एक लाख पट.

पुढच्या वर्षी टेक्ससमधल्या टायलरला तीन आठवड्यांच्या अंतराने दोन अपघात झाले. पहिल्यानंतर यंत्र तपासलं गेलं, काही सापडलं नाही, यंत्र पुन्हा रुग्णांसाठी खुलं केलं गेलं. दुसऱ्यानंतर त्या इस्पितळातला भौतिकशास्त्रज्ञ आणि यंत्र चालवणारी ऑपरेटर बसले आणि त्यांनी तो दोष बोलावून दाखवला. ऑपरेटरने चुकीचं अक्षर टाइप करून आठ सेकंदांच्या आत दुरुस्त केलं तर तो यायचा. रोज तेच काम करून तिचा हात बसला होता, म्हणून ती तेवढ्या वेगाने टाइप करायची. सावकाश, काळजीपूर्वक टाइप करणाऱ्याला तो दोष दिसणं शक्यच नव्हतं. काळजीपूर्वक वागणं हाच तिथला अंधार होता.

म्हणून मी शुक्रवारी आणि शनिवारी डब्याला शक्य तितका त्रास दिला. पेनच्या मागच्या टोकाने बोर्डवर टकटक केली. हेअर ड्रायरने तापवला. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून फ्रीजमध्ये ठेवला आणि बाहेरून ऐकत बसलो (आईने एकदाच विचारलं, फ्रीज का गुणगुणतोय). रिक्षात मांडीवर घेऊन, चालू ठेवून, खड्ड्यांचा रस्ता निवडून फिरलो. सूर गेला नाही. दोष असता तर एवढ्यात आला असता, असं म्हणण्याइतका उजेड आता खोलीत होता. लख्ख नव्हता, पण होता.

शनिवारी रात्री मैत्रिणीने फोनवर विचारलं, ‘झालं का?’

मी म्हणालो, ‘वाजतोय. दोन दिवस हलवला, तापवला, गार केला, गेला नाही. पण दोष नेमका कुठे होता ते कळलेलं नाही.’

मला वाटलं होतं, हे शक्य तितकं प्रामाणिक वाक्य आहे. ती क्षणभर गप्प बसली आणि म्हणाली, ‘म्हणजे उद्या बंद पडला तर तू आधीच सांगितलं होतंस. असंच ना?’

या वाक्यावर मी नंतर बरेच दिवस विचार केला. तिचं म्हणणं बरोबर होतं. ‘मला खात्री नाही’ हे नम्र वाटतं, पण ते बोललं की ओझं ऐकणाऱ्याच्या डोक्यावर जातं. इन्शुरन्सच्या जाहिरातीत शेवटी भराभर वाचतात त्या अटी, ऑपरेशनआधी सही घेतात तो कागद, ॲपमधलं ‘आय ॲग्री’, हे सगळं खरंच असतं आणि त्यात सांगणाऱ्याची सुटका असते. जहाजमालकाने बंदरावर फळा लावला असता की ‘जहाज जुने आहे, प्रवाशांनी आपापल्या जबाबदारीवर बसावे’, तर क्लिफर्डने त्याला सोडलं असतं का? मला नाही वाटत. ज्यांना बसण्यावाचून गत्यंतर नाही, त्यांना शंका नुसती कळवून काय उपयोग?

विल्यम जेम्सने १८९६ मध्ये क्लिफर्डला उत्तर दिलं होतं. त्याचा एक मुद्दा असा, की काही वेळा पुराव्याची वाट बघत थांबणं हाही एक निर्णयच असतो आणि त्याचीही किंमत पडते. रविवारी सात वाजता पडदा उघडणार होता. ‘अजून सांगता येत नाही’ याला नाटकात जागा नव्हती.

मग आम्ही त्या शंकेचे तुकडे केले. काय बंद पडू शकतं? तीनपैकी एक सूर, तिन्ही नाही, कारण तिघांचे कपॅसिटर आणि जॉइंट वेगळे आहेत. बंद पडलं तर कसं कळेल? जाडी एकदम कमी होईल, उरलेले दोन सूर राहतील. काय करायचं? लाल नॉब उजवीकडे फिरवायचा, उरलेल्यांचा आवाज वाढतो. त्याने नाही भागलं तर ध्वनी सांभाळणाऱ्या मुलाच्या फोनमध्ये त्याच खर्जाचं दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग, वायर आधीच जोडलेली. एवढं सांगून झाल्यावर तिनेच एक गोष्ट केली जी मला कधी सुचली नसती. तिने तो क्षण बदलला. आवाज थांबतो त्याच वेळी नटी हातातला कंदील विझवते, असं बसवलं. आता नुसता आवाज गेला तर माणूस मरत नाही. कंदीलही विझायला हवा.

हा बदल माझ्या ‘माहीत नाही’मधून आला नव्हता. नेमकं काय माहीत नाही आणि ते कुठल्या बाजूने येऊ शकतं, हे सांगितल्यावर आला. ‘गॅरंटी देत नाही’ ऐकून तिला फक्त काळजी करता आली असती. ‘एक सूर जाऊ शकतो’ ऐकून तिला नाटक बसवता आलं. ऑफिसात ‘कॅनॉट रिप्रोड्यूस’ असं लिहून तिकीट बंद करणारे सहकारी आणि तेच लिहून खाली ‘पुढच्या वेळी हे लॉग चालू ठेवा, बहुधा रात्रीच्या बॅकअपच्या वेळी होतंय’ अशी ओळ जोडणारे सहकारी, यांच्यातला फरक मला तेव्हापासून स्पष्ट दिसतो. दोघांकडे ज्ञान तेवढंच असतं.

रविवारचा प्रयोग नीट झाला. त्यानंतरचे चारही. यावरून डबा दुरुस्त झालाय असं सिद्ध होत नाही, हे सांगायला क्लिफर्ड नको. पाच प्रयोगांची मिळून पस्तीस मिनिटं होतात, माझ्या सव्वा तासाच्या निम्मीसुद्धा नाहीत. डब्याच्या तळाशी मी कागदाची एक पट्टी चिकटवली आहे. तिच्यावर तारीख, चार जॉइंटच्या जागा आणि ‘सध्या चालतोय’.

पुढच्या आठवड्यात नाटक कोल्हापूरला जातंय, एसटीने. मी मैत्रिणीला म्हटलं, डब्याची पिशवी मांडीवर घे, वरच्या रॅकवर ठेवू नकोस. ती म्हणाली, रॅकवरच ठेवणार आहे, आणि चालू करून. जायचा असेल तर तो सूर कराडच्या अलीकडेच जाऊ दे.